समुद्री शेवाळ: उसाच्या सरीपासून चायना ग्रासच्या वाटीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूरहून घाट उतरला की समुद्र येतो, पण शेवाळ आपल्याकडे पोहोचतं ते बाटलीतून, पुडीतून, नाहीतर आइस्क्रीममधून. कृषी सेवा केंद्रात, रोपवाटिकेत आणि स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. दिलेल्या मात्रा सर्वसाधारण आहेत. अर्काची तीव्रता कंपनीगणिक बदलते, म्हणून बाटलीवर वेगळी मात्रा छापली असेल तर तीच पाळा.

समुद्री शेवाळ म्हणजे नेमकं काय? आमच्या विहिरीतलं किंवा रंकाळा तलावातलं शेवाळ का चालत नाही?

खाऱ्या पाण्यात खडकाला धरून वाढणारी ही मोठी शेवाळं. तपकिरी, लाल आणि हिरवी असे त्यांचे तीन गट पडतात. त्यांना मुळं नसतात. खडक धरून ठेवायला एक पकड असते आणि अन्न सगळ्या अंगाने शोषलं जातं.

विहिरीतली हिरवी लव गोड्या पाण्यातली असते. तिच्यात तपकिरी समुद्री शेवाळातली अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल ही द्रव्यं नसतात. रंकाळ्यात दिसणारं केंदाळ तर शेवाळच नाही, ती फुलं येणारी जलवनस्पती आहे. सांडपाणी मिसळलेल्या तळ्यावर जो हिरवा, रंगासारखा तवंग येतो तो बहुतेक वेळा नील-हरित शेवाळाचा असतो. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते पाणी भाजीवर फवारू नका आणि जनावरांनाही पाजू नका.

हे खत आहे का? शेवाळाच्या अर्काचं टॉनिक मारलं तर युरिया कमी करता येईल का?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात, म्हणून हिशेबच बघू. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी १६० किलो नत्र झालं. शेवाळाच्या १ लिटर अर्कात १ टक्का नत्र धरलं तरी ते १० ग्रॅम भरतं, म्हणजे गरजेचा सोळा हजारावा हिस्सा. एवढ्यावर ऊस पोसत नाही.

काही पावडरींच्या पाकिटावर पालाश १६-१८ टक्के दिसतो. तो बराचसा शेवाळाचा नसतो. अर्क काढताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, त्यातून तो येतो. शिवाय एकरी अर्धा किलो पावडर म्हटलं तर त्यातला पालाश ८०-९० ग्रॅम होतो. खताचा डोस आहे तसाच ठेवा. शेवाळ त्याच्या जोडीला येतं, त्याच्या जागी नाही.

सरकारी नियमही तेच धरून आहेत. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि शेवाळाचे अर्क जैव-उत्तेजक म्हणून स्वतंत्र परिशिष्टात, सहाव्यात, घेतले गेले.

मग पिकात फरक दिसतो तो कशामुळे?

अर्कात सायटोकायनिन, ऑक्झिन यांसारखी वाढद्रव्यं अगदी अल्प प्रमाणात असतात. जोडीला बीटेन, मॅनिटॉल आणि लॅमिनारिनसारखी शर्करा असते. यामुळे पांढऱ्या मुळीला चालना मिळते, पान जास्त दिवस हिरवं राहतं आणि ताणातून पीक लवकर सावरतं. म्हणूनच पुनर्लागण, उन्हाचा चटका, तणनाशकाचा झटका किंवा फुलोऱ्याचा काळ अशा वेळी मारलं तर परिणाम दिसतो. सगळं आलबेल असलेल्या काळ्याभोर पिकावर मारलं तर फरक डोळ्याला दिसेलच असं नाही. जमिनीत पाणी साचलंय किंवा जस्त कमी आहे, अशा ठिकाणी दहा फवारण्या केल्या तरी काही होत नाही.

एका बाटलीवर एस्कोफायलम लिहिलंय, दुसरीवर कप्पाफायकस. कोणती घ्यावी?

एस्कोफायलम नोडोसम हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचं तपकिरी शेवाळ आहे. कॅनडा, आयर्लंड, नॉर्वे इथून त्याचा अर्क किंवा पावडर आयात होते. कप्पाफायकस हे लाल शेवाळ. ते मूळचं फिलिपिन्सकडचं, आता तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तराफ्यांवर वाढवतात. ताजं शेवाळ चिरडून पिळलं की रस निघतो. तो शेतीला जातो आणि उरलेल्या चोथ्यातून खाद्य उद्योगासाठी कॅरागीनन हे घट्टपणा आणणारं द्रव्य काढतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे तंत्र बसवलं. इफ्को या खत सहकारी संस्थेची ‘सागरिका’ त्याच वाटेने बाजारात आली. सारगॅसम हे तपकिरी शेवाळ आपल्या कोकण किनाऱ्यावरही भरपूर असतं.

परदेशी ते भारी आणि देशी ते हलकं, असं काही नाही. अर्काचं प्रमाण किती टक्के आहे, उत्पादन व मुदतीची तारीख कोणती आहे आणि एकरी खर्च किती येतो, या तीन गोष्टी बघा. फक्त ‘सी-वीड’ छापलंय आणि जात किंवा टक्केवारी दिलेली नाही, अशी बाटली परत ठेवा.

उसाला कधी आणि किती वापरावं?

पहिली संधी रोपवाटिकेत असते. कोकोपीटच्या ट्रेमधली एक डोळा रोपं लागणीच्या ८-१० दिवस आधी लिटरला २ मिली या प्रमाणात भिजवली तर उपटताना मुळांचा गड्डा घट्ट येतो आणि लागणीनंतर रोपं कमी मरतात. कांडी लागण असेल तर बेणे प्रक्रियेत शेवाळ घालायचा अट्टहास नको. त्या वेळी बुरशीनाशक आणि त्यानंतरची जिवाणू प्रक्रिया जास्त महत्त्वाची. उगवण झाली की आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता.

पुढे दोन फवारण्या पुरतात. पहिली लागणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी, फुटवे निघताना आणि दुसरी ७५ ते ९० दिवसांनी, मोठ्या बांधणीच्या आधी. मात्रा लिटरला २.५ मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ४० मिली आणि एकरी २०० लिटर पाण्याला अर्धा लिटर. खोडव्याला पाचट सरीत घेऊन बुडखे छाटल्यावर, नवे फुटवे वीतभर झाले की एक फवारणी करा. ठिबक असेल तर एकरी साधारण १ लिटर, पाणी सोडण्याच्या शेवटच्या टप्प्यात द्या, म्हणजे अर्क मुळांच्या खाली निघून जात नाही.

फवारणी सकाळी ९ च्या आत किंवा उन्हं उतरल्यावर करावी. भर दुपारी मारलं की थेंब पानावरच सुकतो आणि आत काही जात नाही. उसाचं पान गुळगुळीत असल्याने स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं द्रव्य) घालावाच लागतो.

ठिबकच्या टाकीत जेलीसारख्या गाठी झाल्या आणि फिल्टर चोंदला. माल खराब होता का?

बहुतेक वेळा माल चांगला असतो, चूक मिसळण्यात होते. तपकिरी शेवाळाच्या अर्कात अल्जिनेट असतं. कॅल्शियम भेटलं की त्याची जेली होते. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात शेवाळ ओतलं की काही मिनिटांत तंतू आणि गाठी दिसू लागतात. फॉस्फरिक आम्लाबरोबर वेगळीच गत होते. सामू (पीएच) खाली आला की अल्जिनिक आम्ल साक्याच्या रूपात खाली बसतं.

अशा वेळी आम्ल सोडून गाळ निघेल असं समजू नका, त्याने गाठी विरघळत नाहीत. टाकी रिकामी करून धुवा, फिल्टरची जाळी उघडून ब्रशने घासा, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं सोडून साधं पाणी जोराने मारा. पुढच्या वेळी कॅल्शियम आणि शेवाळ यांत किमान ३-४ दिवसांचं अंतर ठेवा. कप्पाफायकसच्या रसात अल्जिनेट नसतं, त्यामुळे तिथे हा त्रास होत नाही. शेजाऱ्याने मिसळलं आणि त्याचं काही बिघडलं नाही, याचं कारण बरेचदा हेच निघतं.

फवारणीत कशाबरोबर मिसळावं, कशाबरोबर नको?

बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड ही बुरशीनाशकं, गंधक आणि कॅल्शियमची कुठलीही खतं यांच्याबरोबर नको. १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतं आणि बहुतेक कीटकनाशकं चालतात, पण आधी बाटलीत चाचणी घ्या. बिसलरीची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, शेतातलंच पाणी भरा. पंपात ज्या प्रमाणात घालणार त्याच प्रमाणात एकेक औषध घाला, हलवा आणि अर्धा तास ठेवा. तळाला साका, वर साय किंवा बाटली गरम लागली तर ते मिश्रण टाकून द्या. पाणी शेतातलंच हवं, कारण बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं आणि नळाच्या पाण्यात जमलेलं मिश्रण तिथे फसू शकतं.

ड्रोनने मारताना एकरी अर्धा लिटरच घालायचं का?

सावध राहा. पाठीवरच्या पंपाने तो अर्धा लिटर २०० लिटर पाण्यात जातो, ड्रोनच्या टाकीत मात्र १० लिटर पाण्यातच. म्हणजे लिटरला ५० मिली, वीसपट तीव्र. अर्कातल्या क्षारांनी पानांची टोकं करपू शकतात. बाटलीवर ड्रोनची मात्रा छापलेली नसेल तर निम्म्यापासून सुरुवात करा. आधी दोन गुंठ्यांवर मारून तीन दिवस बघा, मगच बाकी रान घ्या.

सोयाबीन, टोमॅटो, मिरची, भात?

सोयाबीनला २५-३० दिवसांनी एक आणि फुलकळी दिसताना दुसरी, २.५ मिलीने. टोमॅटो-मिरचीची रोपं लावण्याआधी मुळं ५ मिली प्रति लिटरच्या द्रावणात ५-१० मिनिटं बुडवा, नंतर फुलोऱ्यात फवारा. पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीला दर आठवड्याला देण्याची हौस नको. नुसता पाला माजतो. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडच्या भातखाचरात जे नील-हरित शेवाळ हेक्टरी १० किलो टाकतात ते वेगळं. ते हवेतलं नत्र बांधतं. समुद्री शेवाळाला ते जमत नाही.

आमची जमीन शिरोळकडची, क्षारपड. शेवाळाने सुधारेल?

क्षार कमी होणार नाहीत. त्याला निचराच लागतो. चर काढा, सच्छिद्र पाइप टाका, चोपण (सोडियम साठून घट्ट झालेली) असेल तर माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम घाला. क्षारांचा ताण सोसायला पिकाला थोडी मदत होते, पण ती मलमपट्टीच. आणि किनाऱ्यावरून आणलेलं कच्चं शेवाळ अशा रानात अजिबात टाकू नका. रानात आधीच मीठ आहे, त्यात आणखी भर पडते.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या उसाला मारावं का?

आधी पाणी बाहेर काढा, पानांवरचा चिखल धुवा, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) येऊ द्या. ज्या मुळांना हवा मिळत नाही ती काही शोषत नाहीत. शेंडा जिवंत असेल तर वाफसा आल्यावर शेवाळाबरोबर विद्राव्य खताची फवारणी कामाला येते. शेंडा कुजला असेल तर ऊस उभा दिसला तरी तो संपलेला आहे. त्यावर पैसा घालू नका.

माल अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

घरी शंभर टक्के ओळखता येत नाही. काळा रंग बघून फसू नका. मळी आणि ह्युमिकही काळेच असतात, आणि मळीचा आपल्या जिल्ह्यात काय तोटा? वासाने थोडं कळतं. अर्काला सुक्या मासळीच्या जवळचा, खारट वास असतो, मळीला गोडसर-आंबूस. तपकिरी शेवाळाचा म्हणून विकलेला अर्क कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात थेंब थेंब सोडला आणि तंतू धरले तर अल्जिनेट आहे. तंतू धरले नाहीत म्हणून तो लगेच नकली ठरत नाही, कारण काही कारखाने अल्जिनेट गाळून काढतात. पक्क्या बिलाचा आग्रह धरा. तक्रार करायची वेळ आली तर तेच हातात राहतं.

फायदा झाला की नाही हे कसं कळणार?

चार सऱ्या कोऱ्या सोडा. बाकी खत, पाणी, औषध सगळं सारखं, फक्त शेवाळ नाही. सऱ्या बांधाकडच्या नकोत, रानाच्या मधल्या धरा आणि खुंटीला रिबीन बांधून ठेवा. १२० दिवसांनी दोन्हीकडच्या दहा-दहा फुटांतले फुटवे मोजा. तोडणीला त्या सऱ्यांचा आणि शेजारच्या चार सऱ्यांचा ऊस वेगवेगळा वजन करा. ‘काळोखी आली’ हे मोजमाप नव्हे, काळोखी युरियानेही येते.

मालवण-रत्नागिरीला गेलो की किनाऱ्यावरून पोतंभर शेवाळ आणलं तर?

लाटांनी वर आणून टाकलेलं, ताजं आणि कुजका वास नसलेलं शेवाळ घ्यावं. खडकावर वाढणारं खरवडू नका. त्यात मासे-खेकड्यांची पिलं वाढतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काहीच उचलू नका. बंदराजवळचं, तेलकट पाण्यातलंही नको, कारण शेवाळ जड धातू शोषून घेतं.

घरी आणल्यावर गोड्या पाण्यात दोनदा खळबळून धुवा. वाळू आणि वरचं मीठ निघून जातं. मग कंपोस्ट करा. एक भाग शेवाळ, तीन भाग पाचट (बोटभर तुकडे करून), घमेलंभर शेणकाला. नुसतं शेवाळ ढिगाने ठेवलं तर आतली हवा संपते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. पाचट त्यात पोकळी ठेवतं. पहिला महिनाभर दर आठवड्याला ढीग परतवा. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. शेतभर पाचट कुजवायचं असेल तर हा मार्ग नव्हे. तिथे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू ही नेहमीचीच पद्धत.

घरी अर्क काढता येतो का?

येतो. धुतलेलं, चिरलेलं १ किलो ताजं शेवाळ १ लिटर पाण्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजवा. आटलेलं पाणी भरून काढा, थंड करा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. वापरताना लिटरला ५० ते १०० मिली घ्या. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. बुडबुडे आले, वास फिरला तर पानांवर मारू नका, कंपोस्टमध्ये ओता. शिजवायचं भांडं स्वयंपाकातलं नको. वास जाता जात नाही, आणि मग घरात जो वाद होतो त्यावर कुठलं टॉनिक चालत नाही.

गच्चीवरच्या कुंड्यांना किती?

लिटरला १ ते २ मिली, पंधरा दिवसांतून एकदा. गुलाब छाटल्यावर, जास्वंदाची कुंडी बदलल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी याचा उपयोग जास्त. कोरड्या मातीत देऊ नका, आधी साधं पाणी घाला. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल तर क्षार साठलेत. महिनाभर शेवाळ थांबवा आणि तळातून निथळेपर्यंत पाणी घालून माती धुवून काढा.

आम्ही शेवाळ खातो का कधी? आम्हाला तर माहीतच नाही.

खाताय. आइस्क्रीम, चॉकलेट दूध, जेली यांच्या वेष्टनावर आयएनएस ४०१ दिसलं तर ते सोडियम अल्जिनेट, ४०६ म्हणजे अगार आणि ४०७ म्हणजे कॅरागीनन. तिन्ही शेवाळातली. टूथपेस्ट घट्ट ठेवायलाही कॅरागीनन वापरतात. केळी आणि उसाची टिश्यू कल्चर रोपं ज्या बाटल्यांत वाढतात, त्यातला घट्ट पदार्थ बहुधा अगारच असतो, लिटरला ७-८ ग्रॅम. प्रयोगशाळेत अगार आलं ते मात्र स्वयंपाकघरातून. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे यांनी जेली घट्ट करायची ही वस्तू जिवाणू वाढवण्यासाठी सुचवली आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ती रुळली.

चायना ग्रास नीट धरत नाही. काय चुकतं?

चायना ग्रास म्हणजेच अगार. ते ८५ अंशांच्या वर विरघळतं आणि ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान धरतं. म्हणून ‘कोमट दुधात टाकलं’ असं सांगणाऱ्याची खीरच होते. पट्ट्या असतील तर लिटरला १० ग्रॅम, पावडर असेल तर ७-८ ग्रॅम. पट्ट्या अर्धा तास भिजवा, थोड्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि तो पाक गरम दुधात गाळून घाला. थंड दुधात ओतलं की जागच्या जागी गुठळ्या होतात.

शहाळ्याच्या जेलीसाठी अर्धा लिटर शहाळ्याचं पाणी, ४ ग्रॅम पावडर, दोन चमचे साखर घ्या. तीन मिनिटं उकळून वाटीत ओता. लिंबू किंवा कैरीचा रस घालायचा तर गॅस बंद केल्यावर. आंबट घालून उकळत ठेवलं तर पकड कमी होते. ताजं अननस चालतं. जिलेटिनला ते विरघळवतं, अगारला नाही. आणि आपला गूळ वापरायची हौस असेल तर गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध घ्या, गुळाने दूध फाटायची भीती असते.

ते शाकाहारी आहे का?

हो. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं, अगार शेवाळापासून. उपवासाला चालवायचं का, ते घरच्या रीतीवर.

नोरी आणि कोम्बू घरी आणले तर किती खावं? थायरॉइड असेल तर?

नोरी म्हणजे सुशीभोवतीचा पातळ कागद. तिची भावंडं पावसाळ्यात कोकणच्या खडकांवरही उगवतात. तिच्यात आयोडीन तुलनेने कमी असतं, अधूनमधून एखादा कागद खाल्ला तर बिघडत नाही. कोम्बू म्हणजे तपकिरी शेवाळाच्या जाड, वाळवलेल्या पट्ट्या. तिचं तसं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. किमान १५ पीपीएमच्या (ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम) आयोडीनयुक्त मिठाच्या १० ग्रॅममधून तेवढं मिळतं. कोम्बूच्या एकाच ग्रॅममध्ये हजारच्या वर असू शकतं. भिजवून किंवा शिजवून तुकडा काढून टाकला तरी आयोडीन पाण्यात उतरलेलं असतं. थायरॉइडची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिजिकी नावाचं काळं शेवाळ मात्र कुणीच खाऊ नये, त्यात आर्सेनिक जास्त असतं.

चवीपुरतं वापरायचं तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवा, मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत तुकडा काढा. उकळलं की चिकट आणि कडवट होतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये याच शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. शाकाहारी पांढऱ्या रश्श्याला मटणाच्या अळणीसारखी खोली हवी असेल तर हे पाणी कामाचं आहे. आठवड्यातून एखादवेळ, रोज नाही.

म्हशीला चारलं तर दूध वाढेल?

तेवढ्यासाठी चारू नका. जास्तीचं आयोडीन थेट दुधात उतरतं. खनिज मिश्रणात शेवाळ असेल तर पाकिटावरच्या मात्रेत द्यावं. अ‍ॅस्परागॉप्सिस नावाच्या लाल शेवाळाने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला मिथेन बराच कमी होतो. पण ते मोजून मापून द्यायचं काम आहे, किनाऱ्यावरून आणून गव्हाणीत टाकायचं नव्हे.

कोल्हापुरात शेततळ्यात मीठ घालून शेवाळाची शेती जमेल का?

नाही. त्याला खारेपणा कायम राखलेलं, सतत हलतं, स्वच्छ पाणी लागतं. शेततळ्यात मीठ घातलं तर शेवाळ येणार नाही, पण पाझराने खालचं रान मात्र नासेल.